टाकीमागचा आवाज

चौकशीबाईंनी लाकडाची पाचर पायानं दाराखाली सरकवली, दार वीतभर उघडं राहील याची खात्री केली आणि त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. दवाखान्यातल्या त्या खोलीचा तसा नियमच होता. आत बसणारे सगळे गळ्यावरच्या भोकातून श्वास घेणारे. कुणाचा श्वास अडकला तर हाक मारायची सोय नव्हती, टेबलावर थाप तेवढी मारता यायची. ती थाप बाहेर ऐकू जावी म्हणून दार पूर्ण लावायचं नाही. आणि सोबत आलेल्या बायकांनी आत बसायचं नाही, हा बोलायला शिकवणाऱ्या मॅडमचा दुसरा नियम. बायका आत असल्या की नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याच देत.

“आज सहावा बुधवार,” शेजारी बसलेली अडत्याची बायको म्हणाली. “पाच बुधवार नुसते भिंतीकडे बघत बसले. काल रात्री जेवताना पाटीवर लिहून दाखवलं, उद्या शेवटचं येतो, पुन्हा नेऊ नकोस.”

“मॅडम काय म्हणतात?”

“त्या तरी काय म्हणणार? आज हवा गिळायला तोंडसुद्धा उघडलं नाही, तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल म्हणाल्या. रांग लागलीय.”

अडत्या म्हणजे भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस. त्याचा आवाज म्हणे बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायचा. सात महिन्यांपूर्वी गळ्यातल्या गाठीबरोबर डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्रही काढलं, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं.

म्हणून तर मॅडमनी आज इतरांना सुट्टी देऊन त्याला एकट्याला कंडक्टरांच्या समोर बसवलं होतं. कंडक्टर म्हणजे चौकशीबाईंचे यजमान. बावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, मग त्यांच्याही गळ्याला तोच रोग झाला, तेच ऑपरेशन. हवा गिळायची, ढेकर काढायची आणि त्या ढेकरेवर शब्द बसवायचे, ही विद्या ते याच खोलीत शिकले आणि गेली पाच वर्षं दर बुधवारी येऊन इतरांना शिकवत होते. एका ढेकरेत दोन-तीन शब्द मावत. “लोक जेवून ढेकर देतात, मी ढेकर देऊन जेवण मागतो,” असं ते नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. निम्मे हसत, निम्मे रडत. पण पुढच्या बुधवारी बहुतेक सगळे यायचे.

“आता लिलाव कोण करतं?” चौकशीबाईंनी विचारलं.

“मीच.” अडत्याची बायको जराशी वरमली. मग दाराकडे एक नजर टाकून जवळ सरकली. “खरं सांगू? पहिल्या दिवशी तोंडातून भावच फुटेना. आता पहाटे गजर व्हायच्या आत जाग येते. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी असतात हो! आयुष्यात कधी कुणी बघितलं नव्हतं.”

“मग चांगलंच आहे की.”

“घरी मात्र कण्हतच जाते. पाय दुखले, घसा बसला, हे काय बायकांचं काम आहे का. नाहीतर त्यांना वाटायचं, माझ्यावाचून हिचं काही अडलं नाही.”

 चौकशीबाईंनी पदराचं टोक उगाचच सरळ केलं.

त्यांना हे सगळं ठाऊक होतं. एके काळी दारावर कुणी आलं तर “हे घरात नाहीत” एवढं एकच वाक्य त्यांना यायचं, आणि हे घरात असले तरी त्या तेच म्हणत. नवरा मुका झाला तेव्हा दुसरा इलाजच उरला नाही. डॉक्टरांशी बोल, औषधवाल्याशी बोल, आगाराच्या साहेबांशी बोल. पहिल्यांदा साहेबांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं बोलणं साहेबांच्या टेबलापर्यंतही पोचलं नव्हतं. सहाव्या खेपेला साहेबच म्हणाले, “बाई, जरा हळू बोला.” आता त्या आगाराच्या चौकशी खिडकीत माइकसमोर बसत. कुठली बस कोणत्या फलाटावर लागणार हे त्यांनी सांगितल्याशिवाय पानही हलत नसे, आणि साठ ड्रायव्हर त्यांना चौकशीबाई म्हणत. हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा जास्त आवडायचं.

पण त्या खिडकीच्या मुळाशी एक गोष्ट होती, जी त्यांनी पाच वर्षांत कुणाला सांगितली नव्हती.

खात्याचा नियम होता, आजारानं माणसाचं काम सुटलं तर घरातल्या एकाला लावून घ्यायचं. त्यांचे कागद वर गेले होते. मात्र साहेबांनी हेही सांगून ठेवलं होतं की कंडक्टरांचा आवाज परतला, कसाही परतला, तर खिडकीवर त्यांनाच बसवू. नेमणुकीच्या पत्राची वाट बघणं चालू असताना एका सकाळी त्या धुणं वाळत घालायला गच्चीवर गेल्या, तर पाण्याच्या टाकीमागून आवाज आला. फाटका, खरखरीत, पण आवाज. “चला. पुढं सरका. मागं जागा द्या.” त्यांच्या हातातला पिळा तसाच राहिला. ज्या आवाजासाठी अकरा महिने जीव टांगणीला लागला होता, तो चार पावलांवर होता. आणि त्या मागच्या पावली जिना उतरल्या. धुणं त्या दिवशी त्यांनी खोलीत दोरी बांधून वाळत घातलं, आणि पुढचे पाच आठवडे तसंच घातलं.

पत्र आलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी कंडक्टर स्वयंपाकघराच्या दारात येऊन “चहा” म्हणाले आणि चौकशीबाई ढसाढसा रडल्या. आश्चर्य खोटं होतं, रडणं खरं होतं. बिचाऱ्याला जमत नसेल म्हणून लपून सराव करत होता, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण आपण ते पाच आठवडे काय मागत होतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि नवऱ्यानं प्रेमानं डबा भरून हातात दिला की ते हमखास आठवायचं.

आत पाटीवर पेन्सिल करकरली. अडत्या लिहीत होता. लिहिलेलं कंडक्टर आधी मोठ्यानं वाचत, म्हणजे बरोबर वाचलं की नाही ते समोरच्याला कळे.

“मला बोलायचं. नाही. असं नाही,” कंडक्टरांचा आवाज आला. “पुढं लिहा.”

बाकावरच्या दोघींनी कान दिला.

“बायको. रोज कण्हते.” पुन्हा पेन्सिल. “पण गजराच्या. आधी उठते.” बराच वेळ पेन्सिल चालली. “परवा मी. बाजारात गेलो. खांबाआड उभा राहून. बघितलं. माझ्यापेक्षा. चांगलं पुकारते.”

अडत्याच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला.

“मी बोलायला. लागलो. तर ती. दुसऱ्या दिवशी. घरी बसेल. माझ्यासाठी.” कंडक्टर थांबले. “एवढंच?”

पेन्सिल वाजली नाही. अडत्यानं मान डोलावली असावी.

“मग ऐका,” कंडक्टर म्हणाले. “माझा आवाज. आला होता. पाच आठवडे. घरात सांगितलं नाही.”

चौकशीबाईंना वाटलं आपलं काहीतरी ऐकायचं चुकलं. त्या बाकाच्या कडेशी सरकल्या.

“साहेब म्हणाले. आवाज आला तर. खिडकी तुझी. आणि घरात. ही माझी बाई. आरशासमोर उभी राहून. ‘बस फलाट तीनवर’. म्हणायची. मला झोप लागली. असं समजून.” कंडक्टरांनी हवा गिळली; तो गुटकन आवाज बाहेरपर्यंत आला. “बावीस वर्षं. मी ओरडलो. ती गप्प होती. म्हटलं. आता तिची पाळी. टाकीमागं जाऊन. बोलायचो. खाली आलो की. मुका.”

पेन्सिल करकरली.

“चांगलं केलं. म्हणता? नाही. चूक केली. विचारायचं होतं. ती पाच आठवडे. माझ्यासाठी. झुरत होती. रोज गळ्याचं. फडकं बदलायची. आणि मी. तिला फसवत होतो. ते अजून. सांगितलेलं नाही. तुम्ही तसं. करू नका. बोला. आणि तिला. विचारा. दोन्ही जमतं.”

अडत्याची बायको उठली. नियम-बियम काही न बघता तिनं दार ढकललं, तशी पाचर घसरत भिंतीपर्यंत गेली.

“अहो, मी लिलाव सोडणार नाही,” ती दारातूनच म्हणाली, बाजारात पुकारतात त्याच आवाजात. “तुम्ही सारा दिवस बडबडलात तरी सोडणार नाही. माझे पाय-बिय काही दुखत नाहीत. सकाळी दोघं जाऊ. तुम्ही माल बघायचा, मी पुकारणार. पण दिवसभर तिथं बोलून घरी येते तर समोर नुसती पाटी! मी तरी कुणाशी भांडू?”

अडत्या तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पाटी टेबलावर पालथी घातली, ओठ मिटले आणि हवा गिळली. काही झालं नाही. कंडक्टरांनी टेबलावर बोटानं ताल धरला. दुसऱ्या खेपेला काही झालं नाही. तिसऱ्या खेपेला त्याच्या छातीतून एक भलीमोठी, ओबडधोबड ढेकर निघाली आणि तिच्या शेवटाला “पा” लागलेला होता. त्याला स्वतःलाच दचकायला झालं. त्याची बायको हसायला लागली आणि हसता हसता खुर्चीचा आधार घेऊन खाली बसली.

मॅडम धावत आल्या. बायकांना आत कुणी सोडलं, असं विचारायचं त्या विसरूनच गेल्या.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बसथांब्यापर्यंत चौकशीबाई दोन पावलं पुढंच चालत राहिल्या. कंडक्टरांनी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. दुपारची वेळ, थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या दुकानदारानं फळी टाकून डुलकी काढायला घेतली होती.

“ऐकलंस. वाटतं,” शेवटी कंडक्टरच म्हणाले.

“दार उघडंच होतं.”

“रागावलीस?”

चौकशीबाईंनी नाही म्हणून मान हलवली. नवराबायकोत आभार मानायची रीत नसते, आणि मानायचे म्हटले तरी शब्द कुठून आणायचे? रोज शेकडो माणसांना वाट सांगणाऱ्या बाईला आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसापर्यंतची वाट सापडेना. त्यांनी यजमानांच्या गळ्यावरचं फडकं नीट केलं. ते आधीच नीट होतं.

“तुम्ही मला फसवलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी धुणं घेऊन वर आले होते.”

कंडक्टर बघतच राहिले.

“आणि मी झुरत-बिरत नव्हते. मला ती खिडकी हवी होती. रोज देवापुढं हात जोडून मागत होते, पत्र येईपर्यंत यांचा आवाज कुणाला कळू नये.” त्यांनी नजर रस्त्याकडे वळवली. “जिवावरच्या दुखण्यातून उठलेला नवरा, आणि मी हे मागत होते. पाच वर्षं तुमच्या हातचा डबा खाते, तो घास गोड लागत नाही हो मला. तुमचे उपकार कसे फेडू?”

वळणावर बस दिसली. कंडक्टरांनी घाई केली नाही. त्यांनी दोनदा हवा गिळली. लांबलचक बोलायचं असलं की ते तसं करत.

“मी पण,” ते म्हणाले. “टाकीमागं. हात जोडून. अगदी. हेच मागत होतो.” मग पुन्हा एकदा हवा गिळून, डोळे मिचकावून म्हणाले, “दोघांनी. एकच मागितलं. देव तरी. बिचारा. काय करणार?”