इसारापुरती गाडी

दसऱ्याला दोनच दिवस उरले होते. तोडलेल्या झेंडूची नऊ गाठोडी बांधावर पडून होती, आणि नत्थुजी एका पांढऱ्या जुन्या मोटारीभोवती फिरत, बाजारात बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी तिच्या पत्र्यावर थाप मारीत होते. त्यांची बायको कौशल्या गाडीपेक्षा गाडी विकायला आलेल्या कुलदीपलाच निरखीत होती. अंजनगावात जुन्या गाड्यांची दलाली करणारा हा गडी बोलताना फार गोड हसत असे.

"काकू, अमरावतीच्या डॉक्टरची गाडी हाय. घर ते दवाखाना, बस."

"मंग इकून काऊन राहिला?"

"नवी घेतली नं त्यानं."

"अन् ही एवढ्या सस्त्यात?"

"त्याले पैशाची काय कमी!"

प्रश्न संपण्याआधीच उत्तर तयार होते. तीस वर्षे फुलांच्या व्यापाऱ्यांशी हुज्जत घातलेल्या कौशल्येला अशा तयार उत्तरांचा भरवसा वाटत नसे. त्यातच गाडीच्या आत अत्तराचा असा घमघमाट सुटला होता, की कशाचा तरी वास दडपण्यासाठीच तो शिंपडला असावा.

"तुले सगळ्यातच खोट दिसते," नत्थुजी खेकसले. "गावातल्या भगवंताच्या टेम्पोची वाट पाहू पाहू फुलं सुकतात, ते नाई दिसत!"

"अन् रोह्यायचे कळप वावर तुडवून जातात, ते तुमाले दिसते काय? हे पैसे तारेच्या कुंपनाचे हायेत."

"बसून तं पाहा, काकू," कुलदीप मध्येच म्हणाला. "पट्टा लावा."

ती पुढच्या सीटवर बसली आणि पट्टा ओढू लागली. पुरेसा झाला तरी थांबली नाही. पार शेवटपर्यंत ओढला. शेवटची वीतभर पट्टी मळकट पिवळी होती. तिच्यावरची पिठासारखी धूळ लुगड्यावर सांडली. कौशल्येने ती चिमटीत घेऊन चोळली.

"हे आपली माती नाई. आपली काळी माती वाळली का तिचं ढेकूळ होते. हा गाळ हाय, अन् लांबच्या नदीचा हाय. काऊन रे, तुहा डॉक्टर गाडी घेऊन पोहाले जाये काय?"

कुलदीपचे हसू मावळले. त्याने चटकन वर पाहिले, ते मात्र नत्थुजींकडे. ती नजर कौशल्येने अचूक टिपली, आणि इतका वेळ कुलदीपवर रोखलेला तिचा संशय सावकाश नवऱ्याकडे वळला.

"तुमाले माईत व्हतं?"

नत्थुजी टायर न्याहाळू लागले. "पुरातली हाय म्हनूनच तं आपल्याले परवडते वं. सांगतलं असतं तं तू हो म्हटलं असतं?"

"म्हनून सांगतलंच नाई?"

"भगवंताच्या टेम्पोत तू मांगं गाठोड्यावर बसून जाते. मले ते बरं नाई वाटत."

वाक्य चांगले होते. पण भगवंताशी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वाकडे येईपर्यंत ते नवऱ्याला कधी सुचले नव्हते, हे कौशल्येच्या ध्यानात होते.

"नेऊन टाक तुही गाडी," ती कुलदीपला म्हणाली.

"नेतो नं. पन काकाजीनं इसार देल्ला हाय. पाच हजार. तो वापस होत नसते."

हा दुसरा घाव. नत्थुजी आता पार चाकापाशी वाकले होते. कौशल्या खाली उतरली, पहिले गाठोडे उचलले आणि मागच्या सीटवर टाकले.

"काकू! हे काय करून राहिल्या?"

"इसार तुह्यापाशी राहू दे. त्यात आज आमाले अमरावतीच्या फुलबाजारात नेऊन सोड. मंग गाडी तुही."

"सीटा खराब होतीन नं!"

"पुराचं पानी चाललं, अन् झेंडू चालत नाई?"

नत्थुजी तिला अडवतील अशा आशेने कुलदीपने त्यांच्याकडे पाहिले. पण ते मुकाट्याने दुसरे गाठोडे आणायला निघाले होते. नऊच्या नऊ गाठोडी कोंबून झाल्यावर कौशल्या पुढे बसली. नत्थुजी मागे, फुलांत गळ्यापर्यंत रुतले.

गाडी पांदणीतून डांबरी रस्त्याला लागली. दर्यापूर मागे पडले. कुठे खडखड नाही, धक्का नाही.

"पाह्य, कशी चालते!" मागून झेंडूतून आवाज आला.

कौशल्या कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत होती. गाडी खरोखरच सुरेख चालत होती, आणि आता तिला त्याचाच संशय येऊ लागला होता.