मी तंबाखू खात नाही

बिडकीनच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं, तेव्हा क्रियापदाच्या आड लपणं मला चांगलं जमतं. औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात दातांची डॉक्टर जाहेदा कागद भरताना म्हणाली, "बाई, तंबाखू खात नाही ना?" मी ठासून सांगितलं, "नाही." खोटं कुठं होतं? तंबाखू मी खात नाही. तव्यावर जाळून तिची मिसरी करते आणि दातांना लावते.

जाहेदा माझीच विद्यार्थिनी. माझ्या टाळूचं कातडं काढून तिनं झिजलेल्या हिरडीवर शिवलं आणि पथ्य सांगितलं. गार, मऊ खायचं, तिथं ब्रश लावायचा नाही, ओठ ओढून आरशात बघत बसायचं नाही. सगळं पाळलं. फक्त तिसऱ्या दिवशी, पोट साफ होईना म्हणून, चिमूटभर मिसरी दुसऱ्या बाजूनं लावली. मग रोजच लावायला लागले.

दहाव्या दिवशी पुंडलिकनगरच्या घरून रिक्षानं दवाखान्यात गेले. तिनं तोंडात पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. शिवलेलं कातडं राखाडी पडून एका कोपऱ्यात सुटलं होतं.

"माझंच चुकलं, बाई. टाके ताणले गेले असतील."

तिनं माझ्यासमोरच तिला हे काम शिकवणाऱ्या डॉक्टर सरांना फोन लावला आणि आपली चूक सांगायला लागली. पलीकडून चढा आवाज येत होता. ही पोरगी नुसती "जी सर, जी सर" करत होती, आणि मी खुर्चीत आ वासून पडले होते. तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण! इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"ठेव तो फोन," मी म्हणाले. "तुझं नाय चुकलं. मी मिसरी लावते. लई वर्षं झाली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन ठेवला, माझा कागद ओढला आणि "नाही" हा शब्द खोडला.

"जखम भरली की पुन्हा करू. पण मिसरी आजपासून बंद. जमेल ना?"

"या वयात कसं जमायचं गं?"

"अम्मीला जमलं, बाई. मी चौथीत होते. पालकसभेत तुम्ही तिला सगळ्यांसमोर उभं केलं होतं, तोंडाला मिसरीचा वास येतो म्हणून. घरी येऊन तिनं डबी चुलीत टाकली."

मला ते आठवतही नव्हतं.