रविवारी येणारी हाक

आमची ही गेली त्याला वर्ष होत आलं, तरी दर रविवारी सकाळी तिला हाक येते.

ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती आणि घरी हौशी रेडिओचा परवाना काढून परदेशातल्या लोकांशी बोलायची. बोलायची म्हणजे तोंडाने नाही, मोर्समध्ये. टेबलावर एक पितळेची छोटी दांडी होती, तिला ती 'की' म्हणायची. ती बोटांनी दाबायची आणि खोलीभर डिट-डा, डिट-डा सुरू. मी फरशी बसवणारा माणूस. दिवसभर गुडघ्यांवर बसायचं, कटरचा आवाज कानात घेऊन घरी यायचं, तर घरात ही किचकिच. मी विचारायचो, "झाली का तुझ्या पाखरांची शाळा?" ती कानावरचा हेडफोन न काढता हाताने मला गप्प बसवायची.

तिच्या पाखरांत एक म्हातारा होता. कुठल्या तरी लांबच्या बेटावर राहायचा आणि मेंढ्या पाळायचा. मी त्याचं नाव बेटकर ठेवलं होतं. रविवारी सकाळी बेटकर यायचाच. त्याला मी आवाजावरून ओळखायचो. मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो म्हणतात. याचा हात लंगडा होता. लांब 'डा' जरा जास्तच ओढायचा, मग पुढची अक्षरं घाईने उरकायचा. आधी तो हिचं कॉल साइन पाठवायचा. परवान्याबरोबर सरकार प्रत्येकाला अशी काही अक्षरं आणि एक आकडा देतं, ते त्याचं हवेतलं नाव. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण चाल पाठ होती. शेवटी तीन लांब सूर, जिन्याखालून कोणी आपल्या माणसाला हाक मारावी तसे.

ती गेल्यावर पहिल्या रविवारी घर इतकं गप्प होतं की मी तिचा सेट लावला. ऐकायला परवाना लागत नाही. थोड्या वेळाने आलीच ती चाल. बेटकरने हाक मारली, थांबला, परत मारली. बराच वेळ थांबला. मग गेला. पुढच्या रविवारी परत आला.

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

उत्तर द्यायचं तर परवाना हवा, परवान्याला परीक्षा, आणि परीक्षेत मोर्स. विजेच्या आणि नियमांच्या पेपरात मी पास झालो. मोर्सला दोनदा बसलो, दोनदा आपटलो. मी तक्ता समोर ठेवून टिंबं आणि रेघा पाठ केल्या होत्या. कानात सूर आला की मी मनात टिंबं मोजायचो, तोवर पुढची तीन अक्षरं निघून गेलेली असायची.

त्यात लेक आली. ती दर बुधवारी सामान घेऊन येते, फ्रिज उघडते, नाक मुरडते, काय काय फेकून देते. त्या दिवशी फ्रिजमध्ये डोकं घालूनच म्हणाली, "बाबा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय. महिनाअखेर वरचं सगळं सामानसुमान हलवायचं आहे. आईची ती रेडिओची तार पण."

"काढू."

"परत नाही ना लावायची?"

मी पिशवीतून कांदे काढायला लागलो. ती फ्रिजमधून बाहेर आली. "मी फेका नाही म्हणत. पण तुम्ही रविवारी इथे बसून काय ऐकता, ते मला बघवत नाही."

तिचंही चुकत नव्हतं. आई तिचीही होती.

म्हणजे महिनाअखेरपर्यंत काय ते करायचं होतं. मधल्या शनिवारी हिच्या रेडिओवाल्यांच्या क्लबची बैठक होती.

क्लब म्हणजे एका ड्रायव्हिंग स्कूलची वरची खोली. भिंतीवर वळणांचे आणि थांब्यांचे तक्ते, कोपऱ्यात कापून ठेवलेलं एक इंजिन. स्कूलचा मालक आमचा सभासद, म्हणून भाडं नाही. सरकारने सगळ्या क्लबांना विचारलं होतं की परवान्याच्या परीक्षेतून मोर्स काढून टाकावं का. त्यावर आमचं मत ठरायचं होतं. मला परवाना नसल्याने मत नव्हतं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, असा माझा समज होता.

सेक्रेटरी दातांच्या डॉक्टर आहेत. क्लबात सगळे त्यांना दातवाल्या बाई म्हणतात, त्यांनाही ते चालतं. त्या उभ्या राहिल्या. "आज मोर्स कोण वापरतं? जहाजांनी सोडलं, सैन्याने सोडलं. मुलं येतात, उत्साहाने येतात, मोर्स म्हटलं की पळतात. आपण इथे किती जण उरलोय बघा. त्यातले काही तर झोपलेत."

खिडकीशी बसलेले एकजण डोळे न उघडता म्हणाले, "ऐकतोय मी."

"कान उघडे आहेत, बाकी सगळं बंद आहे," मालक म्हणाला. लोक हसले.

मग तारमास्तर उठले. तार ऑफिसातून रिटायर झालेले, ऐंशीच्या घरातले. हिला मोर्स त्यांनीच शिकवलं. ते तिला चिमणी म्हणायचे आणि त्या नात्याने मला जावई.

"पळतात तर पळू द्या," मास्तर म्हणाले. "वादळात तुमचा आवाज खरखरीत बुडतो, तेव्हा मोर्स पलीकडे पोचतं. आणि जे कष्टाने मिळतं ते माणूस जपतो. खालच्या मजल्यावर बघा, रिव्हर्स येत नाही त्याला परवाना मिळत नाही."

"मिळतो, मास्तर," मालक म्हणाला. "तेच तर दुखणं आहे."

"मोर्स आता कॉम्प्युटर वाचतो आणि पाठवतो," बाई म्हणाल्या. "माणसाची परीक्षा कशाला?"

"दातही मशीनच काढतं ना? मग तुम्ही कशाला शिकलात?"

"वाद भरकटवू नका. मी उदाहरण देते." आणि बाईंनी माझ्याकडे हात केला. "आपले काका. या वयात अभ्यास करतात. नियम येतात, वीज येते. फक्त टिंब-रेघेपायी त्यांना दोनदा परत पाठवलं. हा अन्याय नाही?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"हेच उदाहरण मीही देतो," मास्तर म्हणाले. "गुडघे गेलेत, तरी जावई जिने चढून परीक्षेला जातात. मग विशीतल्या पोरांना कसली सवलत हवी?"

"म्हणजे त्यांनी आयुष्यभर नापासच व्हायचं?"

"होतील पास! चिमणीचे यजमान आहेत."

दोन्ही बाजूंनी मला असं ओढणं चाललं होतं. मी खूप दमलो होतो. हिच्या हॉस्पिटलच्या त्या आठवड्यांत जो थकवा अंगात शिरला, तो अजून निघालेला नाही. रात्रभर झोपलो तरी सकाळी ओझं उचलून आल्यासारखं वाटतं. मला त्यांच्या भांडणाचा राग नव्हता. फक्त ते थांबावं असं वाटत होतं.

"मला परवान्याची हौस नाही," मी बसूनच म्हणालो. "मला एका माणसाला निरोप द्यायचाय. तो रविवारी हिला हाक मारतो. ती गेली हे त्याला माहीत नाही. तो फक्त मोर्सच बोलतो. तुम्ही मोर्स काढा नाहीतर ठेवा. काढलंत तर मला परवाना मिळेल आणि त्याच्याशी बोलता येणार नाही. ठेवलंत तर बोलायला शिकेन, पण परवाना मिळणार नाही."

दातवाल्या बाई खाली बसल्या. खाली कुणाची तरी शिकाऊ गाडी धक्के खात बंद पडली.

"बेटावरचा?" मास्तरांनी हळू आवाजात विचारलं. "तो अजून हाका मारतोय?"

मी मान हलवली. मास्तर मुलाकडे राहायला गेल्यापासून त्यांच्याकडे स्वतःची तार नव्हती, नाहीतर त्यांनी ऐकलंच असतं. क्लबातले बाकीचे तोंडानेच बोलतात.

"मग मला का नाही सांगितलंत? पाच मिनिटांचं काम होतं."

"तुम्ही लगेच त्याला सांगितलं असतं."

"सांगायचंच होतं ना?"

मी भिंतीवरच्या वळणांच्या तक्त्याकडे बघायला लागलो.

मग मतदान झालं. मोर्स काढावं या बाजूने जवळजवळ सगळे. ठेवावं म्हणून मास्तरांचा एकच हात वर. खिडकीशी बसलेल्यांनी दोन्ही वेळा हात वर केला, म्हणून त्यांचं मत धरलं नाही. मास्तरांनी बाईंना "अभिनंदन" म्हटलं आणि टोपी शोधायला लागले. टोपी त्यांच्या हातातच होती.

जिना उतरताना मी कठड्याला धरून थांबलो. मास्तरांनी विचारलं होतं ते डोक्यातून जात नव्हतं. सांगायचं होतं हे खरं. पण सांगितलं की बेटकर हाक मारायचा थांबणार. हेही खरं. लेक "आई असती तर" म्हणते. शेजारचे "वहिनी गेल्यापासून" म्हणतात. ती असल्यासारखी हाक मारणारा हा एकच उरला होता. मी नापास होत होतो तो टिंबांमुळेच, त्यात खोटं काही नाही. पण दुसऱ्यांदा नापास झाल्यावर घरी आलो तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. चहा करून प्यायलो होतो.

पण तिकडे एक म्हातारा माणूस वर्षभर दार वाजवत होता. ही असती तर मला म्हणाली असती, "अहो, एवढा कसला स्वार्थ?"

दुसऱ्या दिवशी रविवार. बेल वाजली तर दारात मास्तर. दोन मजले चढून धापा टाकत होते. पाणी दिलं. अर्धं प्यायले आणि सरळ तिच्या टेबलाशी गेले. सेट लावला, कीवर बोट ठेवून पाहिलं.

"धूळ नाही," म्हणाले.

"पुसतो."

"ऐका, जावई. तिचं कॉल साइन आपण वापरायचं नाही, ते तिच्याबरोबर गेलं. माझं वापरू. आणि नियम असा आहे की परवानेवाला शेजारी बसून लक्ष ठेवत असेल, तर दुसऱ्याला की धरता येते. मी शेजारी आहे."

"माझ्याने नाही होणार. तुम्हीच सांगा त्याला."

"मी मतदान हरलोय काल. आज माझ्याशी वाद घालू नका."

तेवढ्यात चाल आली. लंगडा हात, ओढलेले सूर, शेवटी तीन लांब. मास्तरांनी डोळे मिटले. हाक संपल्यावर त्यांनी कीवर हात ठेवला आणि उत्तर दिलं. ऐंशी ओलांडलेली ती बोटं चहाचा कप धरताना थरथरतात, कीवर थरथरली नाहीत. पलीकडे एकदम शांतता. अनोळखी माणूस बोलला म्हणून असेल. मग मास्तरांनी की माझ्याकडे सरकवली.

मला काय पाठवायचं ते माहीत होतं. या लोकांत कोणी वारलं की त्याची की शांत झाली म्हणतात, आणि त्याला दोनच अक्षरं आहेत. एक तीन टिंबांचं, एक रेघ-टिंब-रेघेचं. आधी कोणाबद्दल ते कळावं म्हणून तिची हवेतल्या नावाची अक्षरं पाठवली, मग ही दोन. माझा हात फरशी ठोकल्यासारखा चालला. एकदा चुकलो, परत पाठवलं. मग इंग्रजीत अजून एक शब्द पाठवला. नवरा.

सेटमधून नुसती खरखर येत राहिली. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते.

मग तो आला. अगदी सावकाश, एकेक अक्षर वेगळं, लहान मुलाशी बोलावं तसं. मी टिंबं मोजली नाहीत. मोजायला वेळच नव्हता, अक्षरं सरळ कानात येत गेली. पहिला शब्द दुःखाचा होता, तो अपेक्षितच होता. पुढचा शब्द आला तेव्हा मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी मास्तरांकडे पाहिलं.

"बरोबर ऐकलंत," मास्तर म्हणाले. "गुडघे. विचारतोय, तुमचे गुडघे कसे आहेत."

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. इतकी वर्षं मी बाहेरच्या खोलीत गुडघ्यांना तेल लावत बसायचो आणि ही इथे दार लोटून किचकिच करायची. मला वाटायचं ते तिचं जग आहे, त्यात आपला काय संबंध.

"काय सांगू?" मी विचारलं.

"मला काय विचारता? गुडघे तुमचे."

डावा बरा आहे. उजवा दुखतो. एवढं पाठवायला मला फार वेळ लागला. बेटकर थांबला होता.