साठीशांत आणि बारा प्रोसेसर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या मांजरी गावात कोणालाही विचारा. पण त्या रविवारी ज्या माणसावर मी सगळ्यांत जास्त चिडले, त्याच्याविषयीच्याच कृतज्ञतेपोटी ही गोष्ट सांगते आहे.

वारज्याच्या एका लहानशा संशोधन संस्थेत मी पीएचडी करत होते. उसाला वाजवीपेक्षा जास्त पाणी दिलं की जमीन किती वर्षांत खारवटते, याचं गणित. प्रबंध सोमवारी दुपारपर्यंत द्यायचा होता. मुदतवाढ मागून मागून तोंड दुखलं होतं. आता चुकले असते तर नोंदणीच रद्द, म्हणजे सहा वर्षं पाण्यात. शेवटचं गणित शनिवारी मशीनला लावलं. ते आपोआप चालणारं, म्हणून निर्धास्त घरी गेले.

संस्थेत मोठा कॉम्प्युटर एकच. त्याचेच भाग पाडून प्रत्येकाला एकेक व्हर्च्युअल मशीन दिलेलं. कोणाच्या मशीनला किती प्रोसेसर द्यायचे, हे श्यामकाका कमांड टाइप करून ठरवत. काका शनिवार पेठेतले. वाया जाणारं काही त्यांच्या डोळ्यांना सोसत नसे. शनिवारी निघताना ते खोल्याखोल्यांतून फिरत, पंखे-दिवे बंद करत आणि ज्याची खुर्ची रिकामी, त्याचे प्रोसेसरही काढून घेत. माणूस नाही तर काम कसलं, हे त्यांचं शास्त्र.

रविवारी सकाळी येऊन बघते, तर माझ्या बारा प्रोसेसरांपैकी एकच चालू! गणित संपायला आणखी नऊ दिवस लागणार होते. घरून कोणाला त्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येत नसे. तो नियमही काकांचाच. फोन लावला. पलीकडे मंत्र ऐकू येत होते.

"काका, माझे प्रोसेसर काढलेत तुम्ही! गणित चालू होतं."

"खुर्ची तर रिकामी होती."

"खुर्चीत बसून मलाच गणित करायचं असतं, तर कॉम्प्युटर कशाला हवा होता?"

मग "येतो" म्हणाले आणि फोन ठेवला.

काका स्कूटरवरून आले ते पूजेचा रेशमी कद नेसून, कपाळाला अक्षता चिकटलेल्या. त्या दिवशी त्यांची साठीशांत होती. होमावरून उठून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो काका, सांगायचं तरी!"

"सांगून काय? विद्यापीठानं पुढची तारीख दिली असती?"

त्यांनी त्यांच्या जागेवरून कमांड दिली. बारा प्रोसेसर मशीनच्या नावावर आले, पण माझ्या पडद्यावर अजून एकच. मी किंचाळलेच.

"ओरडू नका, मैनाबाई. पानात वाढलं म्हणजे पोटात गेलं असं नाही. मी वाढलंय, आता तुमच्या मशीनला जेवायला सांगू."

मग माझ्या मशीनमध्ये शिरून त्यांनी एकेक प्रोसेसर चालू केला. उरलेला वेळ घटत घटत सोमवारच्या पहाटेवर आला. मी हुंदके देऊन रडले.

"फार उपकार झाले, काका."

"मीच विझवलं, मीच लावलं. याला उपकार म्हणायची पद्धत मांजरीत असेल. आमच्या पेठेत नाही."

नसू दे. चूक झाल्यावर फोनवर कारणं सांगणारे मला पुष्कळ भेटलेत. आपल्या साठीच्या होमावरून उठून आलेला माणूस एकच.

त्यांचा फोन वाजला. त्यांच्या पत्नी, सरोजिनीकाकू. आता बोलणी खायची म्हणून मी मान खाली घातली. काकांनी फोन माझ्याच हातात दिला.

"सुरू झालं का गं तुझं?"

"झालं, काकू."

"मग त्यांना घेऊन ये आणि तूही ये. औक्षण राहिलंय, माणसं ताटकळलीत."

घरी ताम्हनात साठ दिवे लावून ठेवले होते. मी दारातच घुटमळले. काकूंनी हाताला धरून पुढे नेलं आणि ताम्हन माझ्या हातात दिलं. "आधी ही ओवाळेल," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "हिच्यासाठी उठले होते ना!"

पहाटे गणित संपलं, दुपारी प्रबंध गेला. पण माझी सहा वर्षं वाचली ती त्या रविवारीच. म्हणून ओवाळताना देवाकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही. काकांना शंभर वर्षं दे, एवढंच म्हटलं.