पिवळी पडलेली नळी

बाबांची जुनी प्रयोगशाळा रिकामी करायचं काम लेकीने हौसेने मागून घेतलं होतं. बाबांच्याच पाणी तपासणीच्या खात्यात आता ती साहेब होती. बाबांच्या काळी यंत्रं कुठली, सगळी भिस्त एका लाल रंगावर. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की तो पिवळा पडायचा. हे फ्लोराइड म्हणजे महालबाड प्रकरण. दिसत नाही, चव लागत नाही, आणि दातांवर तपकिरी डाग पाडून मोकळं होतं. शाळा सुटली की ती इथेच स्टुलावर बसून रंग कधी बदलतो याची वाट बघायची. ते दिवस आठवून तिला भरून आलं.

तिला राहवेना. वहीत बघून तिने तो रंग पुन्हा बनवला. कपाटातल्या धुण्याच्या पावडरने नळ्या लख्ख घासल्या, बाबांसारख्याच, आणि एकदाच विसळल्या. एकीत शुद्ध पाणी घातलं, दुसरीत गल्लीतल्या विहिरीचं. बाबांनी ती विहीर याच रंगाच्या भरवशावर बंद करायला लावली होती. दोन्ही नळ्या पिवळ्या पडल्या.

शुद्ध पाणीसुद्धा? तिने पावडरचा डबा फिरवून वाचला. पावडरमध्ये फॉस्फेट होतं, आणि हा रंग फॉस्फेटलाही फसतो. नळ्या दहा वेळा धुतल्यावर दोन्ही लालच राहिल्या. विहीर चांगली होती. आणि घरी नळ येईपर्यंत अकरा वर्षं आईने लांबच्या टाकीवरून पाणी वाहिलं होतं.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबांना आता अभिमान वाटावा असं ते कामच तेवढं उरलं होतं. सांगावं की गिळून टाकावं, या विचाराने ती दिवसभर तळमळली. संध्याकाळी तिने सांगून टाकलं.

"बाबा, शुद्ध पाण्याची नळी तुम्ही तपासायचात ना?"

"रोज. पण ती वेगळी ठेवायचो. साबण लागू नये म्हणून जपायचो."

बोलता बोलता त्यांच्याच ध्यानात आलं, विहिरीच्या पाण्याची नळी मात्र ते पावडरनेच घासायचे.

"तुझी आई त्याच विहिरीच्या पाण्यावर लहानाची मोठी झाली," ते म्हणाले. "विहीर बंद केली त्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, माझे दात बघा. पांढरेशुभ्र होते गं."

"मग?"

"मी तिला पिवळी नळी दाखवली. तिने मुकाट्याने बादली उचलली."