पाचवा फाऊल

"बासष्ट-एकसष्ट," पेन्सिल म्हणाला, आणि दुकानातला वाद तेवढ्यापुरता मिटला.

शिंप्याच्या मते कारखान्याचा संघ त्या अंतिम सामन्यात तीन गुणांनी हरला होता, कंपाउंडरच्या मते दोन. पेन्सिलने आकडा सांगितला की मात्र कोणी ब्र काढत नसे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला हा कारकून त्या काळी शनिवार-रविवार बास्केटबॉलच्या मैदानाकडेला टेबल मांडून बसायचा आणि गुणपत्रिका भरायचा. काडीसारखी अंगकाठी आणि कानावर कायम पेन्सिल, म्हणून हे नाव पडलं ते कायमचं. शिंपी त्याचा साडू. निवृत्तीनंतर रविवारची सकाळ शिंप्याच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून काढायची आणि तीस वर्षांपूर्वीच्या त्या संघावर तोंडाची वाफ दवडायची, हा तिघांचा नेम होता.

संघ होताही तसाच. एक बुटका गडी चेंडूकडे न बघता तो असा पुढे न्यायचा की समोरचे नुसते गरागरा फिरायचे. आणि लंबू! चार नंबरचा बनियन घातलेला लंबू रिंगखाली उभा राहिला की बाकीच्यांनी फक्त चेंडू वर फेकायचा. एवढं सगळं असून हाती काय लागलं, तर एक अंतिम सामना आणि त्यातही हार. पुढच्याच वर्षी कारखान्याने संघ मोडला. का हरलो, यावर शिंपी म्हणायचा, प्रशिक्षकाचं डोकं फिरलं होतं. कंपाउंडर म्हणायचा, पंच विकले गेले होते. तो पंच गोरा होता की सावळा यावर मात्र त्याचं स्वतःशीच जुळत नसे.

पेन्सिल या भागात गप्प राहायचा. त्याला वाटायचं, आपल्यामुळे हरलो. तसं नक्की माहीत असतं तर तो एकदाचा बोलून मोकळा झाला असता. पण नक्की काही नव्हतं आणि तेच त्याला खात होतं.

झालं होतं ते असं. चार मिनिटं उरली होती, कारखाना नऊ गुणांनी पुढे होता. शिट्टी वाजली तेव्हा पेन्सिल मागचे गुण लिहीत होता. त्याने मान वर केली आणि टेबलाकडे बोटं दाखवणारा पंच दिसला. चार बोटं. चार नंबरच्या ओळीत त्याने पाचवी खूण केली, आणि पाच फाऊल झाले म्हणजे खेळाडू बाहेर. पण चौदा दाखवायचे असले की पंच एका हाताची मूठ आणि दुसऱ्याची चार बोटं दाखवतो. कारखान्याचाच चौदा नंबरचा गडीही तिथेच उभा होता. मूठ होती का? कधी त्याला ती लख्ख आठवायची, कधी तिथे नुसती पंचाची पँट दिसायची. त्या काळी ज्याचा फाऊल असेल त्याने टेबलाकडे तोंड करून हात वर करायचा रिवाज होता. त्या हाताची वाट बघायची, एवढंच पेन्सिलचं काम होतं. त्याने वाट बघितली नाही. चौदा नंबरला विचारावं, तर तो बिचारा कधीच देवाघरी गेला होता.

गुणपत्रिकेची हरलेल्या संघासाठीची कार्बन प्रत त्या दिवशी कोणी न्यायला आलं नाही. ती पेन्सिलच्या कपाटात, खणातल्या कागदाखाली पडून होती. बायको दर साफसफाईला विचारायची, "अहो, हे टाकू का?" आणि तो दर वेळी तिच्यावर खेकसायचा.

त्या रविवारी दारात अंधार झाला म्हणून तिघांनी वर बघितलं. एक उंच म्हातारा मान वाकवून आत आला. नवी पँट आखूड होत होती, खालची दुमड उसवून लांबी वाढवून हवी होती. शिंपी टेप घेऊन खाली बसला, पायापासून वर बघत गेला आणि तसाच बसून राहिला.

लंबू लेकीकडे राहायला आला होता. इतकी वर्षं परगावी एका गोदामाची लॉरी चालवली, म्हणाला. शिंप्याने चहा मागवला, कंपाउंडरने पंचाला यथेच्छ शिव्या घातल्या. पेन्सिल मात्र उठला, घरी गेला आणि ती प्रत घेऊन धापा टाकत परतला.

त्याने सगळं सांगितलं. बोटं, मूठ, पँट, न बघितलेला हात. कंपाउंडर म्हणाला, "छे रे, पंचानेच घोळ घातला," आणि शिंपी पुन्हा प्रशिक्षकावर घसरला. तीस वर्षं जपलेली भांडणं एका कागदापायी सोडायला दोघेही तयार नव्हते.

लंबूने कागद खिडकीशी धरला. चार नंबरची ओळ शोधली. निळा कार्बन फिका झाला होता, पण पाच खुणा दिसत होत्या.

"हात कोणी वर केला होता?" पेन्सिलने विचारलं. "तू केला होतास का?"

"नाही आठवत." लंबूने पाचव्या खुणेवर बोट ठेवलं. "मी आणि चौदा नंबर, दोघंही समोरच्या पोराला भिडलो होतो. माझा धक्का लागला असं मला काही वाटलं नव्हतं. मग टेबलावरून पाचव्या फाऊलची पाटी वर झाली. म्हटलं, पेन्सिलने लिहिलंय म्हणजे माझाच असणार. तू कधी चुकायचा नाहीस ना."

त्याने शिवी दिली असती तर पेन्सिलला बरं वाटलं असतं.

"नंतर मी सगळ्यांची माफी मागत फिरलो," लंबू म्हणाला. "चौदा नंबरच्याही घरी गेलो होतो. तो नुसता रडला. तेव्हा मला वाटलं, हरल्यामुळे रडतोय."

शिंप्याने टेप गुंडाळला. पँट बुधवारी मिळेल म्हणाला. लंबूने कागद पूर्वीच्याच घड्यांवर दुमडला आणि विचारलं, "हा मी नेऊ? आमच्या संघाची प्रत आहे ना?"

"तुमचीच आहे," पेन्सिल म्हणाला.

लंबू मान वाकवून दाराबाहेर पडला. रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर तो दुकानाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने एक हात सरळ वर केला. निरोपाचा हात असा ताठ नसतो. की असतो? पेन्सिलला कळेना. या वेळी मात्र तो हात खाली येईपर्यंत तो बघत राहिला.