हमरियाहून आबांना दिलेला शब्द

"कावळा शिवेना रे!" गावाहून थोरला भाऊ रामेश्वर व्हिडिओ कॉलवर ओरडला आणि समाधानच्या हातातला चहा हिंदकळला.

आबांचा दहावा होता. रजा मिळाली नाही, असं समाधानने घरी कळवलं होतं. खरं तर दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या वर्कशॉपात त्याने ती मागितलीच नव्हती. दुबईला जायचं नाही, असं आबांनी बजावलं होतं, आणि तो रात्रीतून निघून आल्यापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. आता पिंड तसाच राहिला तर आबा अधांतरी लटकणार आणि जन्मभर खापर समाधानच्या डोक्यावर फुटणार.

"टेन्शन मत ले," स्टोअरकीपर नीलेश म्हणाला. हा पुण्याचा, शाळेत संस्कृत घेतलेला, आणि ते कुणी विसरू नये म्हणून कायम दक्ष. "आत्मा म्हणजे मुळात श्वास. मग देह, मन, नुसतं 'स्वतः' असेही अर्थ आहेत. आणि टॉप लेव्हलला परमात्मा. त्याला ना भूक, ना तहान. कावळ्याचा संबंधच येत नाही."

"मगे आमचो आजो कोंबडी-वड्यांवर कसो सुटलो?" मालवणचा वेल्डर दगडू म्हणाला. त्याच्या मते आत्मा पोटात राहायचा आणि वेळेवर जेवायचा.

तिकडे जिलबी ठेवून झाली होती, बिडी ठेवून झाली होती, आईला अंतर देणार नाही असं रामेश्वरने हात जोडून सांगून झालं होतं. कावळे बाभळीवर बसून मजा बघत होते.

"त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय," रामेश्वर म्हणाला. "तूच बोल काहीतरी." आणि त्याने फोन पिंडाशेजारी ठेवून दिला.

"यल्ला, यल्ला! चाय खलास!" चहाची सुट्टी संपली, कामाला चला, अशी फोरमनने हाक दिली.

समाधान गडबडला. पुढच्या महिन्यात तो सुपरवायझर होणार होता, परत जायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण कावळा शिवणं महत्त्वाचं. "आबा," तो फोनमध्ये म्हणाला, "मी परत येतो. कायमचा. केळीची बाग मीच बघतो." थाप मारताना त्याचा आवाज नेहमीसारखाच छान लागला होता.

स्क्रीनवर काळं काहीतरी फडफडलं. मग नदीकाठचे सगळे एकदम ओरडले, "शिवला! शिवला!"

"योगायोग," नीलेश म्हणाला, पण जरा हळूच.

"आता जावचाच लागतला तुका," दगडू म्हणाला.

आबांनी हयातीत पोराच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. दहावी पास झाल्याचंसुद्धा त्यांनी मास्तरांकडे जाऊन विचारून घेतलं होतं. समाधान लोखंडाच्या ढिगावर मटकन बसला आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच हमसून रडला.

"आयला, आबा," तो म्हणाला, "आजच कसा हो विश्वास बसला?"